मुलांचा रविवार कोणाचा?

(नंदुरबार येथे पालक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



रविवारची सुट्टी आज सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणाला तरी झगडून मिळवावी लागली होती याचे विस्मरणच झाले आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांतील मजूर एके काळी आठवड्याचे सातही दिवस राबत असत. नारायण मेघाजी लोखंडे या म. फुल्यांच्या अनुयायाने त्या मजुरांना संघटित केले, सभा घेतल्या, अर्जविनंत्या केल्या, आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार. कुलदैवताच्या दर्शनाला, घरच्या माणसांत बसायला, अंगणात चार घटका टेकायला एक दिवस मिळाला. त्या लढ्याला सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली. आजोबा-पणजोबांनी झगडून मिळवलेला तो दिवस त्यांच्या नातवंडांच्या हातून मात्र निसटत चालला आहे.

तो दोन तऱ्हांनी निसटतो आहे आणि या दोन्ही तऱ्हा एकाच जिल्ह्यात, फार तर शंभर किलोमीटरच्या अंतरात पाहायला मिळतात. नंदुरबार शहरातील नोकरदार वा व्यापारी कुटुंबातील मुलाचा रविवार गच्च भरलेला असतो. सकाळी शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा तास, मग अबॅकस, दुपारी इंग्रजी संभाषणाचा वर्ग, संध्याकाळी नृत्य किंवा कराटे. उलटपक्षी सातपुड्याच्या कुशीतील, धडगाव-अक्कलकुव्याकडील आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलाचा रविवार पूर्ण रिकामा असतो. त्या दिवशी तास नसतात, घर नसते, आईही नसते. पहिल्या मुलाला श्वास घ्यायला उसंत नाही, आणि दुसऱ्याला दिवस कसा मावळेल याची चिंता. बाल संस्कार केंद्र, साप्ताहिक मिलन, रविवारचा वर्ग असे उपक्रम चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी या दोन मुलांना एकाच मापाने मोजले, तर त्यांचा उपक्रम दोघांच्याही उपयोगाचा राहत नाही.

प्रथम शहरातील मुलाचा विचार. मुलांच्या पाठीवरील ओझ्याविषयी राज्यसभेत तळमळीने बोलणारे गृहस्थ कोणी शिक्षणतज्ज्ञ नव्हते. ते होते ‘मालगुडी’कार आर. के. नारायण. १९८९ साली या वयोवृद्ध कथाकाराने सभागृहात बोलायला उभे राहून विषय निवडला तो दप्तराचा. त्यानंतर प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ साली तिचा अहवाल आला. त्या अहवालाचे मर्म असे होते की, दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या गोष्टींचे ओझे अधिक जड असते. अहवालाची पुष्कळ वाहवा झाली. आणि त्याच काळात गल्लोगल्ली शिकवणीवर्गांच्या पाट्याही लागत गेल्या! शासनाने शाळेचे दप्तर हलके करण्याचे परिपत्रक काढावे आणि पालकांनी शिकवणीचे दुसरे दप्तर विकत आणावे, असा हा प्रकार आहे.

यात पालकांचा हेतू वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. लहान गावातून मोठ्या शहराच्या स्पर्धेत उतरायचे, तर मूल मागे पडू नये ही भीती खरीच आहे. पण मुलाच्या शरीराचा आणि मनाचा हिशेब या भीतीपेक्षा वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी किमान ६० मिनिटे दमवणारी हालचाल आवश्यक असते. नंदुरबारच्या एखाद्या वसाहतीतील दहा वर्षांचा मुलगा आठवड्यात किती मिनिटे घाम येईपर्यंत धावतो, याचा हिशेब त्याच्या पालकांनी एकदा कागदावर मांडून पाहावा. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या ही नावे त्याला पाठ्यपुस्तकातील धड्यामुळे ठाऊक असतात, आणि धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे तो बिनचूक लिहितो.

शासनालाही हे उमगलेले दिसते. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला. शनिवारच्या अर्ध्या दिवसाच्या शाळेत श्वसनाचे व्यायाम, ध्यान, गोष्टी, खेळ, व्यवहारज्ञान यांना जागा द्यावी अशी त्यामागची कल्पना. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली मुलांनी शिकावे, असे सुचवले आहे. कल्पना स्वागतार्ह आहेत. मात्र आनंदाचेही वेळापत्रक झाले, त्याची छायाचित्रे वरिष्ठ कार्यालयाला पाठवणे आवश्यक ठरले, की तोही एक विषय होऊन बसतो. सरकारी यंत्रणेचा हा दोष सर्वांना चटकन दिसतो. आपल्या उपक्रमांतही तोच शिरलेला असतो, तो मात्र डोळ्यांआड राहतो. त्याकडे पुढे येऊच.

शहरातील मुलाला रविवारी कशाची गरज आहे? आणखी एका वर्गाची खचितच नाही. त्याला मैदान हवे, वेगवेगळ्या घरांतील सवंगडी हवेत, आणि गुण न देणारा एखादा वडीलधारा दादा वा ताई हवी. शाखेच्या पद्धतीत एक फार मोठी गोष्ट सहज साधली गेली आहे, आणि ती नेहमीची असल्यामुळे तिचे मोल वाटेनासे झाले आहे. तेथे डॉक्टरांचा मुलगा आणि मिरचीच्या पथारीवर राबणाऱ्या मजुराचा मुलगा एकाच रिंगणात हुतूतू खेळतात, आणि कोणाला कोणते गुण पडले हे कोणी विचारत नाही. जिथे तुलना नाही असे एवढे एकच ठिकाण मुलाच्या आठवड्यात उरले असेल, तर तिथेही पाठांतर स्पर्धेचे क्रमांक लावून ती जागा भरून टाकण्यात काय शहाणपण आहे? स्तोत्रे जरूर म्हणावीत. पण अडखळलेल्या मुलाला सर्वांसमोर खाली बसवले गेले, तर त्याला ते स्तोत्र जन्मभर आठवते, भलत्याच कारणासाठी.

आता डोंगरातील मुलाकडे वळू. त्याच्या बाबतीत प्रश्न अधिक खोल आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के आहे, आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती. त्या वेळी राज्याची सरासरी ८२ टक्के होती. हे आकडे भाषणांतून वारंवार सांगितले जातात आणि त्यावरून ‘मागासलेला जिल्हा’ हा शिक्का तयार होतो. पण त्या आकड्यांच्या पोटात एक साधी गोष्ट आहे, ती क्वचितच सांगितली जाते. सहा वर्षांचे पावरा किंवा वसावे कुटुंबातील मूल आश्रमशाळेत येते तेव्हा त्याला बोलता येत असते, उत्तम बोलता येत असते. झाडांची, पाखरांची, गवताची शेकडो नावे त्याच्या तोंडी असतात. मोहाची फुले पहाटे का वेचावीत, आमचुरासाठी कैऱ्या कशा सोलून वाळवाव्यात, हे त्याने पाहिलेले असते, हातांनी केलेले असते. हे सारे त्याला ज्या भाषेत ठाऊक आहे ती पावरी, देहवाली, मावची किंवा कोकणी असते. शाळेत मात्र पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर प्रमाण मराठी येते. त्याला उत्तर ठाऊक असते, पण प्रश्नच कळत नाही. आणि शिक्षकाच्या वहीत त्याची नोंद ‘मंद’ अशी होते.

सातपुड्यातील लोकांची कुलस्वामिनी याहामोगी. महाशिवरात्रीला गुजरातच्या हद्दीतील देवमोगरा येथे तिच्या यात्रेला नंदुरबारमधून माणसांची रीघ लागते. ‘याहा’ म्हणजे आई. त्या मुलाच्या तोंडी आईसाठी आणि देवीसाठी एकच शब्द आहे. वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर ‘आई’ हे अक्षर लिहून खाली स्त्रीचे चित्र काढले जाते, तेव्हा त्याला चित्र कळते, शब्द परका वाटतो. ज्या मुलाला आईसाठीही परका शब्द शिकावा लागतो, त्याला आईपासून दूर राहूनच तो शिकावा लागतो, ही आश्रमशाळेतील खरी अडचण आहे.

येथे थोडे दूर जाऊन पाहू. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे शनिवार-रविवार कशासाठी राखून ठेवतात? अनेक शहरांत महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा भरतात, त्या आठवड्याच्या अखेरीस. आई-वडील मोटार चालवत मुलांना तेथे नेतात, आळीपाळीने शिकवतात, गणपतीच्या दिवसांत नाटुकली बसवतात. पाच दिवस मूल इंग्रजीत जगते, तेव्हा उरलेल्या दोन दिवसांत तरी आजीशी बोलण्याइतकी मराठी त्याच्या जिभेवर राहावी, ही त्यांची धडपड असते. आपल्यापैकी अनेकांचे भाऊ-बहिणी, मुले तिकडे आहेत, त्यांची ही धडपड पाहून येथे सर्वांना भरून येते, आणि ते योग्यच आहे. मग पावरी बोलणाऱ्या मुलाच्या आजीचे काय? आपल्या नातवंडांची मराठी परदेशात टिकावी असे ज्यांना वाटते, त्यांनी धडगावच्या मुलाची पावरी नंदुरबार जिल्ह्यातच पुसली जात असेल, तर तिकडे डोळेझाक करू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हणते. तो दिवस शाळेत केव्हा उगवेल तेव्हा उगवेल. रविवार तर आजच मोकळा आहे.

म्हणून आश्रमशाळेतील किंवा वस्तीवरील रविवारच्या उपक्रमात पहिली गोष्ट मुलाच्या बोलीतून झाली पाहिजे. त्यासाठी बोली जाणणारा माणूस हवा. बाहेरून जाणाऱ्या कार्यकर्त्याने चार शब्द शिकून घेणे चांगलेच, पण त्याने भागत नाही. एकल विद्यालयाच्या मूळ कल्पनेतील शहाणपण नेमके हेच होते की, शिकवणारा त्याच गावचा असावा. सातपुड्याच्या परिसरात नर्मदा बचाव आंदोलनाने चालवलेल्या जीवनशाळांनीही आरंभापासून स्थानिक बोलीला वर्गात स्थान दिले. त्या आंदोलनाशी या साप्ताहिकाच्या वाचकांचे मतभेद असतील, आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु मुलाच्या तोंडची भाषा वर्गात आणली पाहिजे हे ज्यांनी ओळखले, त्यांच्यापासून तेवढे शिकायला कमीपणा कसला?

याच भूमीतील त्याहूनही जुने एक उदाहरण आहे. तळोदा तालुक्यातील मोरवड-रंजनपूरचे संत गुलाम महाराज. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात भिल्ल समाजातील या पुरुषाने ‘आप’ धर्माचा मार्ग सांगितला. एकमेकांना आदराने ‘आप’ म्हणावे, रोज स्नान करावे, दारू सोडावी, आणि ठरलेल्या वारी एकत्र येऊन आरती करावी. हजारो माणसे डोंगरदऱ्यांतून चालत येत. १९३८ साली महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराजांनी ते कार्य पुढे नेले. कोणतेही अनुदान नसताना, छापील पत्रक नसताना आठवड्याच्या एका भेटीने घरोघरी दारूचे मडके फुटले. हे घडले, कारण बोलणारा त्यांच्यातला होता, त्यांच्या भाषेत बोलत होता, आणि भेटीचा वार चुकत नव्हता.

वार न चुकणे. साप्ताहिक उपक्रमाचे निम्मे यशापयश या दोन शब्दांत आहे.

आठवड्यातून एक-दोन तासांनी मुलाच्या शिकण्यात खरोखर फरक पडतो का, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. नुसते पाठ करून सोडून दिलेले ज्ञान किती झपाट्याने विसरले जाते, याचा अभ्यास हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच मांडला होता. त्याचे म्हणणे असे की, तेच ज्ञान अंतराअंतराने पुन्हा चाळवले तर टिकते. म्हणजे रविवारी नवे काही डोक्यात कोंबण्यापेक्षा आठवड्यात शिकलेले खेळातून, गोष्टीतून पुन्हा वर काढणे हे रविवारचे खरे काम. आपल्याकडील कीर्तनकार पूर्वरंग-उत्तररंगात हेच करीत आले, त्यांना एबिंगहाउसची गरज पडली नाही.

दुसरा एक अभ्यास अधिक जवळचा आहे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. या दोघांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. काही गावांत नुसत्या सभा घेऊन लोकांना शाळेची स्थिती सांगण्यात आली. काहींत गावकऱ्यांना मुलांचे वाचन तपासायला शिकवण्यात आले. आणि काहींत गावातल्याच तरुणांना चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वाचनवर्ग चालवायला सांगण्यात आले. सभांनी आणि तपासणीने मुलांच्या शिकण्यात काही फरक पडला नाही. वाचनवर्गांत जी मुले आली, त्यांचे वाचन मात्र लक्षणीय सुधारले. अक्षर न ओळखणारी मुले अक्षरे वाचू लागली. ही झाली आनंदाची बाजू. दुसरी बाजू अशी की, त्या गावांतील मुलांपैकी जेमतेम आठ टक्के मुले वर्गांना आली. शिवाय ते वर्ग रोजचे होते, आठवड्यातून एकदाचे नव्हते.

यातून कार्यकर्त्याने काय घ्यावे? साधे तरुण, थोडक्या प्रशिक्षणानंतर, मुलाला वाचायला शिकवू शकतात. त्यासाठी पदवीची आवश्यकता नाही. पण ज्याला सर्वांत अधिक गरज आहे ते मूल आपण होऊन येत नाही. जो मुलगा पहिल्या रांगेत बसून खणखणीत आवाजात श्लोक म्हणतो तो तसाही शिकलाच असता. उपक्रमाची कसोटी न आलेल्या मुलाच्या झोपडीपर्यंत कोण चालत गेला, ही आहे. मुली तर बहुधा यामुळेच येत नाहीत. रविवारी सकाळी पाणी भरायचे असते, धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायचे असते. वेळ दुपारची ठेवली आणि कडेवरच्या भावंडालाही अंगणात रांगू दिले, तर मुलींची संख्या वाढते. यासाठी फार मोठ्या चिंतनबैठकीची गरज नाही.

संघाच्या स्वतःच्या इतिहासातही या संदर्भात एक बोलकी गोष्ट आहे. १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात संघाची स्थापना झाली तेव्हा दैनंदिन शाखा नव्हती. तरुण आपापल्या आखाड्यांत जात आणि आठवड्यातील ठरावीक दिवशी एकत्र येत. रोजची शाखा मोहिते वाड्याच्या मैदानावर सुरू झाली ती १९२६ साली. आठवड्याची भेट ओळख करून देते, सवय रोजच्या भेटीतून लागते, हेच त्या बदलातून दिसते. म्हणून आजही जो कार्यकर्ता रविवारचे मिलन चालवतो त्याने उरलेल्या सहा दिवसांत मुलाच्या घरी, शाळेच्या फाटकाशी, बाजाराच्या दिवशी एखादी तरी भेट घडवली, तर रविवारच्या तासाला मुळे फुटतात. ती नसेल तर तो तास म्हणजे सहल.

आता आपल्या दोषांकडे. पुष्कळदा असे होते की, उपक्रमाचा पहिला रविवार थाटात होतो. फलक, हार, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे. मुले दीड तास उन्हात बसून तीन भाषणे ऐकतात आणि चौथ्या भाषणाच्या शेवटी त्यांना खाऊ मिळतो. वृत्तपत्रात छायाचित्र येते. तिसऱ्या रविवारी शहरातून येणारा कार्यकर्ता बदललेला असतो, पाचव्या रविवारी कोणीच येत नाही. आश्रमशाळेतील मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, याचा कोणी विचार केला आहे? ते मूल आधीच एकदा घर सोडून आलेले असते. जीव लावून मग न येणाऱ्या दादाची त्यात भर पडते. अशा मुलाला वाट पाहायला शिकवून पाठ फिरवण्यापेक्षा त्याच्याकडे न जाणे बरे. ज्याला वर्षभर, त्याच वारी, त्याच वेळी जाणे शक्य नाही, त्याने पहिल्या दिवशीच ‘मी चार वेळा येईन’ असे सांगावे आणि चार वेळा जावे.

प्रत्यक्ष कार्यक्रम कसा असावा, याचे वेगळे शास्त्र नाही. निम्मा वेळ खेळ. मग गोष्ट, आधी मुलांच्या बोलीत आणि नंतर मराठीत. एकलव्याची, अश्वत्थाम्याची गोष्ट सातपुड्यात परकी नाही. अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीच्या सुमारास यात्रेला जाणाऱ्या मुलाला अश्वत्थामा शेजारचा वाटतो, तो आपल्यालाच चार नव्या गोष्टी सांगतो. त्यानंतर वाचन, आणि तेथे इयत्ता विसरून मुलांचे गट करावेत. सहावीतला मुलगा अक्षरांवर अडला असेल तर त्याने अक्षरांच्या गटात बसावे, मात्र त्याला तेथे धाकट्यांचा मदतनीस म्हणून बसवावे, म्हणजे मान राहतो आणि शिकणेही होते. गणिताला आमचुराचे वजन, मिरचीचा भाव, बाजारातली मोड पुरे. आठवड्याच्या बाजारात आईच्या शेजारी बसून हिशेब करणारी मुलगी वर्गात वजाबाकी चुकते, तेव्हा चूक बहुधा वजाबाकी मांडणाऱ्याची असते.

आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवावे. काठीच्या होळीला ढोल वाजवणारा, पावरी वाद्य फुंकणारा, औषधी मुळ्या ओळखणारा माणूस रविवारी मुलांसमोर बसला, की मुलाला प्रथमच कळते की आपला आजा शहाणा आहे आणि हे बाहेरच्या माणसांनाही मान्य आहे. हिंदू समाजाच्या एकतेविषयी व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते. ती एकता त्या मुलाला दिसेल ती नंदुरबारच्या दादाने त्याच्या आज्यापुढे मांडी घालून बसावे, ढोल कसा धरायचा हे विचारावे, आणि चुकल्यावर सर्वांबरोबर स्वतःही हसावे, अशा क्षणी.

मुलांच्या स्वास्थ्याबद्दल दोन गोष्टी बजावून सांगण्यासारख्या आहेत. या जिल्ह्यातील भिल्ल, पावरा, मावची आदी जनजातींत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. खेळताना चटकन दमणारा, सांधे दुखतात म्हणून कडेला बसणारा मुलगा आळशी आहे असे समजून त्याला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावणारा शिक्षक किंवा मुख्यशिक्षक त्याच्या जिवाशी खेळत असतो. अतिश्रम, पाण्याची कमतरता, कडाक्याची थंडी यांनी या मुलांना असह्य वेदनांचे झटके येऊ शकतात. प्रत्येक उपक्रमाच्या जागी पिण्याचे पाणी भरपूर असावे, मुलांची तपासणी झाली आहे का ते आरोग्य केंद्रात विचारावे, आणि ‘मला खेळायचे नाही’ हे मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावे.

दुसरी गोष्ट अप्रिय आहे, पण बोललीच पाहिजे. मूल जिथे विश्वासाने येते तिथे विश्वासघातालाही वाव असतो. ‘आपली माणसे’ एवढी हमी पुरेशी नाही. कोणत्याही उपक्रमात एकटा प्रौढ आणि एकटे मूल अशी वेळ येऊ देऊ नये, निदान दोन कार्यकर्ते असावेत, मुलींसाठी भगिनी असाव्यात. मुलाने काही सांगितले तर ते संघटनेच्या नावासाठी दाबू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांपर्यंत पोहोचवणे बंधनकारक केले आहे, आणि १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला काही खर्च येत नाही. असे प्रसंग क्वचित येतात, पण मुलाच्या मनातले दुःख नेहमीचे असते. घरची आठवण, उपाशी भावंडाची काळजी, दारू पिणारा बाप. रविवारच्या तासात कोणी तरी शेजारी बसून हे नुसते ऐकून घेतले, तरी सोमवारी ते मूल वर्गात अधिक मोकळे बसते. यासाठी बौद्धिक नको, कान हवे.

शेवटी स्थलांतराचा प्रश्न. दिवाळी झाली की धडगाव, नवापूर, नंदुरबार तालुक्यांतील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातेत जातात. पाठोपाठ मुलेही जातात. रविवारच्या वर्गात वीस मुले होती, ती नऊ होतात. तेव्हा कार्यकर्ता हताश होतो, ‘संख्या घटली’ असा वृत्तांत लिहितो आणि वर्ग बंद करतो. खरे तर वर्ग तेव्हाच चालू राहायला हवा. काही केंद्रांत एक सोपी पद्धत बसवता येईल. प्रत्येक मुलाच्या नावाची एक वही असावी, ती घरी न नेता तेथेच पेटीत राहावी. मूल गेले त्या दिवसाची तारीख तिच्यात लिहावी, आणि त्याला शेवटचे काय वाचता येत होते तेही. जाताना त्याच्या हाती एखादे गोष्टीचे पुस्तक द्यावे, परत मिळेल की नाही याची फिकीर न करता.

होळीला यातली बरीच कुटुंबे काही दिवस का होईना डोंगरात परततात. काठीची होळी चुकवून कोणी राहत नाही. त्या आठवड्यातल्या रविवारी पेटी उघडलेली असावी, दिवाळीपूर्वीचाच दादा तेथे बसलेला असावा, आणि आलेल्या मुलाला वही काढून त्याचे नाव वाचून दाखवायला सांगावे.